नोटीस कोण चढवणार? कॉलेजच्या वेबसाइटसाठी सीएमएस निवडताना

कॉलेजची वेबसाइट नव्याने करायचं ठरलं की पहिली बैठक मुखपृष्ठावरच्या सरकत्या फोटोंवर खर्च होते. दुसऱ्या बैठकीत सीएमएसची, म्हणजे कोड न लिहिता साइटवर मजकूर चढवता-बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरची, तीन दरपत्रकं टेबलावर येतात. एकात वर्डप्रेस, दुसऱ्यात ड्रुपल, तिसऱ्यात ‘आमची स्वतःची सीएमएस’. सर्वांत कमी आकड्यावर सही होते. कोणती सीएमएस आणि का, हा प्रश्न निघतो दीड वर्षाने, जेव्हा उद्याच्या सुट्टीची नोटीस चढवायला कॉलेजात कुणालाच येत नसतं.

म्हणून सुरुवात सॉफ्टवेअरपासून न करता माणसांपासून करावी. महाराष्ट्रातल्या नेहमीच्या संलग्नित पदवी कॉलेजात साइटवर मजकूर येतो तो पाच-सहा ठिकाणांहून. कार्यालयातून नोटिसा, प्रवेश याद्या, शुल्काचे तक्ते. परीक्षा विभागातून वेळापत्रकं. आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) समन्वयकाकडून एक्यूएआर (वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल), बैठकांची इतिवृत्तं, फीडबॅकचे अहवाल. विभागप्रमुखांकडून प्राध्यापकांची माहिती. शिवाय ग्रंथालय आणि एनएसएस. यातल्या एकाच्याही नेमणूकपत्रात ‘वेबसाइट’ हा शब्द नसतो. ज्याला हे काम खरंच जमतं तो बहुधा संगणकशास्त्राचा सीएचबीवरचा (तासिका तत्त्वावरचा) तरुण प्राध्यापक, आणि त्याची नेमणूक शैक्षणिक वर्षाबरोबर संपते. पासवर्डही त्याच्याबरोबर जातो.

एवढं मान्य केलं की निवडीची कसोटी सोपी होते. विक्रेत्याकडून तयार सादरीकरण बघू नका. रिकामी चाचणी साइट मागा आणि कार्यालयातल्या लिपिकाला तिच्यासमोर बसवून तीन कामं करायला सांगा. एक: पीडीएफ जोडलेली मराठी नोटीस चढवणं, जी ठरल्या तारखेला आपोआप उतरेल. दोन: एका प्राध्यापकाचं पद बदलणं, जे विभागाच्या पानावर आणि सर्व प्राध्यापकांच्या यादीत एकाच वेळी बदललेलं दिसेल. तीन: माहितीपत्रकाची जुनी पीडीएफ काढून त्याच पत्त्यावर नवी ठेवणं. बहुतेक दरपत्रकांचा फुगा इथेच फुटतो.

पहिलंच काम घ्या. जूमलामध्ये प्रत्येक लेखाला प्रकाशन सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख मुळातच असते. वर्डप्रेसमध्ये पुढची तारीख देऊन नोटीस चढवता येते, पण आपोआप उतरवण्याची सोय मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही, प्लगइन (वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) लागतं. ड्रुपलमध्ये ‘शेड्युलर’ मॉड्यूल घालावं लागतं. वर्डप्रेसचं वेळापत्रक कुणीतरी साइट उघडली तरच पुढे सरकतं, हेही ध्यानात ठेवा. रात्री साइटवर कुणी फिरकलं नाही तर सकाळी ६ची नोटीस ९ वाजता उमटते. उपाय म्हणजे हे अंतर्गत वेळापत्रक, ‘डब्ल्यूपी-क्रॉन’, बंद करून सर्व्हरच्या खऱ्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) दर १० मिनिटांनी तेच काम चालवणं.

दुसऱ्या कामात ‘पान’ आणि ‘नोंद’ यांतला फरक कळतो. प्राध्यापकांची माहिती प्रत्येक पानावर हाताने टंकली असेल तर पदोन्नतीनंतर ती तीन ठिकाणी तीन प्रकारची दिसणार. नाव, पात्रता, पद, विभाग, सीव्हीची पीडीएफ ही वेगवेगळी क्षेत्रं असलेली एकच नोंद हवी आणि पानांनी ती तिथून उचलायला हवी. ड्रुपल हे कुठलंही जोडकाम न करता देतं. कंटेंट टाइप (नोंदीचा प्रकार), फील्ड (क्षेत्र) आणि ‘व्ह्यूज’ (नोंदींच्या याद्या बनवणारी सोय) तिन्ही गोष्टी आवृत्ती ८पासून मूळ गाभ्यातच आहेत. वर्डप्रेसमध्ये कस्टम पोस्ट टाइप आणि फील्डसाठी एखादं प्लगइन अशी जोडी लागते. जूमलात ३.७पासून कस्टम फील्ड आहेत. यातलं काहीही चालेल. पेज बिल्डरने ओढून-सोडून बनवलेलं ‘स्टाफ’ नावाचं एकच लांबलचक पान मात्र चालणार नाही.

तिसरं काम दिसायला क्षुल्लक, पण सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं.

पीडीएफचं कपाट

कॉलेजची वेबसाइट म्हणजे खरं तर पीडीएफचं कपाट. नॅकला (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेला) पाठवलेल्या प्रत्येक एक्यूएआरमध्ये पुराव्यांसाठी कॉलेजच्या साइटवरचे दुवे दिलेले असतात. अनुदानित कॉलेजला माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ब)खालच्या १७ बाबीही जाहीर ठेवाव्या लागतात. हे दुवे एकदा कागदावर गेले की बदलता येत नाहीत. साइट नवी झाली आणि पत्ते बदलले तर गेल्या पाच वर्षांचे पुरावे एका रात्रीत ‘४०४’ (पान सापडलं नाही) होतात.

वर्डप्रेसची सवय अशी की चढवलेली फाइल वर्ष आणि महिन्याच्या फोल्डरमध्ये जाते. जुलै २०२४मध्ये चढवलेलं माहितीपत्रक ‘अपलोड्स/२०२४/०७’मध्ये. त्याच महिन्यात सुधारित प्रत त्याच नावाने पुन्हा चढवली तर जुनी फाइल तशीच राहते आणि नवीच्या नावाला ‘-१’ जोडलं जातं. लिपिकाला वाटतं बदललं. नॅकचा दुवा मात्र जुनीच प्रत दाखवत राहतो. ‘एनेबल मीडिया रिप्लेस’ हे प्लगइन पत्ता तोच ठेवून फाइल बदलतं, ते पहिल्याच दिवशी घाला. मीडियाच्या सेटिंगमधली महिना-वर्ष फोल्डरची खूण काढून टाकता येते, पण मग हजारो फाइल एकाच फोल्डरमध्ये साचतात. ती खूण राहू द्यावी आणि फाइलींच्या नावांना शिस्त लावावी, हे जास्त बरं: रोमन छोटी अक्षरं, मध्ये जागा नाही, वर्ष आणि नॅकचा निकष क्रमांक नावातच.

जुने पत्ते वाचवायचा सोपा मार्ग बरेच जण विसरतात. जुन्या साइटवरचं पीडीएफचं फोल्डर त्याच नावाने, त्याच जागी नव्या सर्व्हरवर ठेवून द्या. वर्डप्रेसच्या एचटीअ‍ॅक्सेस (सर्व्हरला पत्त्यांचे नियम सांगणाऱ्या) फाइलमधले नियम प्रत्यक्ष अस्तित्वात असलेल्या फाइल आणि फोल्डरना हात लावत नाहीत, त्यामुळे जुना दुवा जसाच्या तसा चालतो. अडचण एकच. जुन्या फोल्डरचं नाव ‘नॅक’ असेल आणि नव्या पानाचा पत्ताही ‘नॅक’च ठेवला, तर सर्व्हर पान न दाखवता ते फोल्डर उघडायला जातो आणि ‘४०३’ (प्रवेश नाही) देतो. पानाचं नाव बदला, फोल्डरचं नको. आणि नक्कल करण्याआधी त्या फोल्डरमध्ये लपलेल्या पीएचपी फाइल (सर्व्हरवर चालणारे प्रोग्राम) शोधून काढा. जुन्या साइटला कीड लागली असेल तर ती इथेच दडलेली असते.

जुनी साइट विंडोज सर्व्हरवर असेल तर आणखी एक खोड समोर येते. विंडोजला मोठी-छोटी रोमन अक्षरं सारखीच, लिनक्सला वेगळी. मोठ्या अक्षरांतलं ‘नॅक’ आणि छोट्या अक्षरांतलं ‘नॅक’ या लिनक्सवर दोन निराळ्या फाइल आहेत, म्हणून कालपर्यंत चालणारे निम्मे दुवे आज तुटतात. आणि जुन्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर ‘आयडी=१२’ असं काही असेल तर जुना पत्ता नव्याकडे वळवणारी साधी ‘रिडायरेक्ट’ची ओळ तिथे चालत नाही; क्वेरी स्ट्रिंग (प्रश्नचिन्हानंतरचा भाग) तपासणारी ‘रीराइट’ची अट वेगळी लिहावी लागते.

कोणते दुवे वाचवायचे याची यादी मुखपृष्ठावरून करू नका. गेल्या पाच एक्यूएआर आणि शेवटचा एसएसआर (नॅकसाठीचा स्वयं-अभ्यास अहवाल) उघडून त्यातला प्रत्येक दुवा एका एक्सेल तक्त्यात उतरवा. गूगल सर्च कन्सोलमधून सर्वाधिक भेटींची पानं काढून खाली जोडा. साइट बदलल्यावर तो तक्ता ओळीगणिक तपासा. काम कंटाळवाणं आहे, दोन दिवस जातात. पण हे कंत्राटात लिहिलं नाही तर विक्रेता करत नाही.

गूगल ड्राइव्हचे दुवे नॅकला देणं ही दुसरी वाईट सवय. खातं असतं एखाद्या प्राध्यापकाच्या वैयक्तिक जीमेलचं, शेअरिंग मर्यादित, आणि तो बदलून गेला की पुरावाही जातो.

मोठ्या फाइल चढत नाहीत ही तक्रार सीएमएसची नसते. पीएचपीत एका फाइलची मूळ मर्यादा २ एमबी आणि पूर्ण फॉर्मची ८ एमबी असते. दोन्ही वाढवाव्या लागतात, आणि दुसरी पहिलीपेक्षा मोठी हवी. सर्व्हरचं सॉफ्टवेअर एन्जिनएक्स असेल तर त्याची स्वतःची मर्यादा मुळात १ एमबी. ती ओलांडली की ‘४१३’ (फाइल फार मोठी) येतो. पण त्याआधी स्कॅनरकडे बघा. रंगीत, ३०० डीपीआयवर स्कॅन केलेला शंभर पानी अहवाल प्रचंड होतो आणि त्यातला एक शब्दही शोधता येत नाही. वर्डमधून थेट पीडीएफ करा, सही-शिक्क्याचं पान तेवढं २०० डीपीआयवर करड्या रंगात स्कॅन करून जोडा.

कोणती घ्यावी

‘आमची स्वतःची सीएमएस’ नको. दिसायला ती सर्वांत सोपी असते, कारण तिच्यात चारच बटणं असतात. तिचा कोड मात्र एकाच माणसाला कळतो, सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत, आणि पीएचपीची आवृत्ती वाढवली की पान पांढरं पडतं. पीएचपी ७.४चा आधारही नोव्हेंबर २०२२मध्ये संपला, तरी अशा साइट त्याहून जुन्या आवृत्तीवर रखडलेल्या सापडतात.

विद्यापीठ किंवा वीस-पंचवीस विभागांची, पदव्युत्तर केंद्रांची मोठी स्वायत्त संस्था असेल आणि पगारावर कायमचा प्रोग्रामर असेल, तर ड्रुपल. मजकूर मंजुरीची साखळी, प्रत्येक बदलाची नोंद, बहुभाषिकता हे सगळं गाभ्यातच मिळतं. पण ते चालवायला कमांड लाइन (टंकून आज्ञा देणं) आणि कंपोझर (पीएचपीचे सुटे भाग बसवणारं साधन) यावं लागतं, आणि स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (अनेक साइटना मिळून एकच सर्व्हर) ते नीट जमत नाही. ड्रुपलची ७वी आवृत्ती जानेवारी २०११मध्ये आली आणि ५ जानेवारी २०२५ला तिचा आधार संपला. तिच्यावरून पुढच्या आवृत्तीवर जाणं म्हणजे अद्ययावत करणं नव्हे, पूर्ण स्थलांतर. नवं घर बांधून सामान हलवणं. प्रोग्रामर नसलेल्या अनेक कॉलेजांच्या ड्रुपल साइट याच वळणावर अडकल्या आहेत.

जूमलाला हल्ली कुणी विचारत नाही, याचं थोडं वाईट वाटतं. नोटिशीची शेवटची तारीख, अनेक भाषा, आणि कॅटेगरीनुसार अधिकार, म्हणजे रसायनशास्त्र विभागाने फक्त स्वतःचेच लेख बदलावेत ही सोय, तिच्यात मुळातच आहे. पण तालुक्याच्या गावी जूमला येणारा माणूस मिळणं कठीण झालंय. साइट आधीच जूमलावर आहे आणि लोकांना सवय आहे, तर केवळ फॅशन म्हणून सोडू नका. मात्र आवृत्ती ३चा आधार ऑगस्ट २०२३मध्ये संपला आहे, तेव्हा वर चढणं भाग आहे.

बाकी बहुतेक कॉलेजांसाठी वर्डप्रेस. ते सर्वोत्तम आहे म्हणून नव्हे, तर विक्रेता गायब झाला तरी दुसरा आठवड्यात सापडतो म्हणून. जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जाताना ते सहसा मोडत नाही, हा दुसरा फायदा.

त्याच्या अधिकारांच्या पातळ्या मात्र कॉलेजच्या रिवाजाला बसत नाहीत. ‘कंट्रिब्युटर’ मजकूर लिहून मंजुरीला पाठवू शकतो, पण फाइल चढवू शकत नाही. ‘ऑथर’ फाइल चढवतो, पण स्वतःचं लिखाण कुणालाही न विचारता थेट प्रसिद्ध करतो, आणि स्थिर पानांना हात लावू शकत नाही. ‘एडिटर’ सगळ्यांचंच सगळं बदलू शकतो. लिपिकाने पीडीएफसह नोटीस लिहावी आणि प्राचार्यांच्या मंजुरीने ती प्रसिद्ध व्हावी, एवढ्या साध्या पद्धतीसाठी यातलं एकही जुळत नाही. अधिकार बदलणारं प्लगइन घालून ‘कंट्रिब्युटर’ला फाइल चढवण्याचा एक अधिकार वाढवून द्या, काम भागतं. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ दोनच ठेवा, आणि खाती माणसांच्या नावाने न काढता पदाच्या ईमेलवर काढा.

थीमबद्दल, म्हणजे साइटच्या रूपाच्या साच्याबद्दल, एकच गोष्ट, पण ठासून. पेज बिल्डरवर उभी केलेली साइट त्या बिल्डरची कैदी होते. डब्ल्यूपीबेकरी हा बिल्डर बंद करून बघा: प्रत्येक पानावर मजकुराच्या आगेमागे चौकटी कंसातल्या आज्ञांचा ढीग दिसतो. वर्डप्रेसच्या स्वतःच्या ब्लॉक एडिटरवर चालणारी हलकी थीम मागा. आणि फुकटात वाटलेली महागडी, चोरीची थीम कुणी ‘लावून देतो’ म्हणालं तर तो विक्रेता तिथेच बाद करा. अशा थीममध्ये मागचं दार उघडं ठेवलेलं असण्याची शक्यता मोठी. गूगलवर कॉलेजचं नाव शोधल्यावर जपानी जाहिराती दिसू लागतात, ते अशाच मार्गाने. अपलोड्स फोल्डरमध्ये पीएचपी चालणं बंद करणं, डॅशबोर्डमधला फाइल एडिटर बंद करणं, न वापरलेली प्लगइनं निव्वळ निष्क्रिय न करता पुसून टाकणं, एवढ्यानेही बराच धोका टळतो.

ऑनलाइन प्रवेश, शुल्क, उपस्थिती यांचा सीएमएसशी संबंध जोडू नका. ते ईआरपीचं (कॉलेजच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरचं) काम. ऑनलाइन वर्गांचं मूडल, ग्रंथालयाचा कोहा कॅटलॉग हेही उपडोमेनवर निराळे राहू द्या. मुख्य साइटला कीड लागली तर विद्यार्थ्यांचे गुण तिच्याबरोबर जायला नकोत. शिष्यवृत्तीच्या याद्यांमध्ये आधार क्रमांक आणि बँक खाते क्रमांक तसेच ठेवून पीडीएफ चढवणं हा प्रकार मात्र कुठलीच सीएमएस थांबवू शकत नाही. तो स्तंभ चढवण्याआधी माणसानेच काढायचा.

मराठी मजकुराचे त्रास

विक्रेत्यांना इथलं बहुतेक काही माहीत नसतं, म्हणून थोडं सविस्तर.

वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा पत्ता बनवतं. पत्त्यासाठी २०० चिन्हांची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा, हलंत हे सुटे मोजले जाऊन पत्त्यात प्रत्येकी ९ चिन्हं खातात. म्हणजे जेमतेम २२ घटक मावतात. ‘राष्ट्रीय सेवा योजना विशेष शिबिर’ या शीर्षकाचा पत्ता ‘राष्ट्रीय-सेवा-योजना-विश’ इथेच तुटतो. पुढच्या वर्षी तेच शीर्षक दिलं की शेवटी ‘२’ लागतो आणि कोणतं शिबिर कोणतं ते कळेनासं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर असा दुवा टक्क्याच्या चिन्हांची चार ओळींची माळ होऊन दिसतो. पत्ता प्रत्येक वेळी हाताने, रोमन अक्षरांत लिहायचा, हा नियम करा.

शोध चालत नाही अशी तक्रार आली तर ‘ॲ’ तपासा. ‘ॲडमिशन’मधला ‘ॲ’ हे युनिकोडमधलं एक स्वतंत्र अक्षर आहे. काही कीबोर्ड मात्र ‘अ’वर चंद्र देऊन दोन अक्षरांचा ‘अ‍ॅ’ उमटवतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, डेटाबेसला वेगळे. कार्यालयातल्या सगळ्या संगणकांवर एकच इनस्क्रिप्ट कीबोर्ड ठेवणं हा त्यावरचा उपाय.

जुन्या साइटवर मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असेल तर तिथे मराठी साठवलेलीच नसते. साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. कन्व्हर्टर लावून युनिकोड करता येतं, पण रफार, ‘ऱ्या’, अनुस्वार आणि जोडाक्षरं माणसाने वाचून तपासावीच लागतात. युनिकोड मजकुराच्या जागी टिंबं-आघात लावलेली युरोपीय अक्षरं दिसत असतील तर दोष वेगळा: यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) मजकूर लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांची जुनी पद्धत) समजून साठवला गेला आहे. डेटाबेसमधल्या अशा तक्त्याला थेट यूटीएफ८एमबी४ (पूर्ण युनिकोड) करायला जाऊ नका, बिघाड दुप्पट होतो. आधी तो स्तंभ ब्लॉबमध्ये (कच्च्या बाइटमध्ये), मग यूटीएफ८एमबी४च्या टेक्स्टमध्ये, असा दोन पायऱ्यांनी बदला. बॅकअप घेऊनच.

पानाची भाषा मराठी अशी घोषित करा. अनेक थीममध्ये ती इंग्रजी राहते किंवा कुणीतरी हिंदी टाकतं. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे या घोषणेवरून ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात, आणि अंध विद्यार्थ्यांच्या स्क्रीन रीडरला कोणत्या भाषेत वाचायचं ते कळतं. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.६ ते १.८ पट ठेवा, नाहीतर वेलांट्या कापल्या जातात.

दोन भाषांची साइट करण्याआधी भाषांतर कोण करणार ते विचारा. पॉलीलँग हे बहुभाषिक साइटचं प्लगइन बसवणं तासाभराचं काम. इंग्रजी नोटीस रोज मराठीत करणं हे माणसाचं. माणूस नसेल तर नोटिसा ज्या भाषेत निघतात त्याच भाषेत ठेवा आणि मेनू, प्रवेश, शुल्क, तक्रार निवारण एवढीच पानं दोन्ही भाषांत करा. अर्धवट रिकामा ‘मराठी’ टॅब फार वाईट दिसतो.

कंत्राट आणि बदलाचा दिवस

‘एसी डॉट इन’ किंवा ‘एज्यु डॉट इन’ डोमेन एर्नेट इंडियाकडून मिळतं. ते संस्थेच्या नावावर आणि संपर्काचा ईमेल प्राचार्यांच्या पदाचा आहे ना, हे पहिल्यांदा बघा. विक्रेत्याच्या ईमेलवर नूतनीकरणाची सूचना जाते आणि ऐन जूनमध्ये साइट बंद पडते. कंत्राटात होस्टिंगचं खातं, डेटाबेस, विकत घेतलेल्या थीम-प्लगइनांचे परवाने कॉलेजच्या नावावर असतील असं लिहा. एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) महिन्यातून किती वेळा अद्ययावत करणार, बॅकअप कुठे ठेवणार, आणि तो वर्षातून दोनदा परत उभा करून दाखवणार का, हे आकड्यांत हवं. ज्या सर्व्हरवर साइट त्याच सर्व्हरवर बॅकअप असेल तर त्याला बॅकअप म्हणू नये.

साइट बदलायला दिवाळीची सुट्टी बरी. बारावीच्या निकालापासून ऑगस्टपर्यंत हात लावू नका. आदल्या दिवशी डीएनएसचा (डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या नोंदींचा) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद लक्षात ठेवण्याची मुदत, ३०० सेकंदांवर आणा. चाचणी साइटचा पत्ता डेटाबेसमध्ये जिथेतिथे असतो. तो साध्या शोधा-बदलाने बदलला तर सिरियलाइज केलेल्या (मजकुराच्या लांबीसह साठवलेल्या) सेटिंग मोडतात, त्यासाठी डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड लाइन साधनाची आज्ञा वापरा. ‘सर्च इंजिनांना परावृत्त करा’ ही चाचणीच्या काळातली खूण काढायला हमखास विसरतात, आणि महिन्याभराने कॉलेज गूगलवरून नाहीसं होतं.

आणि नवा होस्ट म्हणाला ‘नेमसर्व्हर आमचे लावा’, तर लगेच लावू नका. आधी जुन्या डीएनएसमधल्या सगळ्या नोंदी, विशेषतः ईमेलच्या एमएक्स आणि एसपीएफ, उतरवून घ्या. त्या नव्या जागी भरल्या नाहीत तर साइट छान उघडते, पण कॉलेजच्या पत्त्यावर येणारा ईमेल पोचेनासा होतो. आणि विद्यापीठाचं पत्र का आलं नाही याचा शोध तिसऱ्या दिवशी सुरू होतो.